हया, उपचार आणि परवानगीचा शिष्टाचार

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या एखाद्या सरकारी रुग्णालयातील त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग डोळ्यांसमोर आणा. एक स्त्री सकाळी लवकर घरातून निघते, केसपेपर काढते, दोन तास रांगेत थांबते आणि अखेर तिचा नंबर लागतो. पाठीवर आणि कमरेखाली उठलेले डाग दाखविण्यासाठी ती आलेली आहे. पडद्याआड जाऊन पाहते, तो डॉक्टरांच्या भोवती पांढरे कोट घातलेली चार-पाच तरुण मुले-मुली उभी आहेत. डॉक्टर विचारतात, ‘‘कुठे आहे? दाखवा.’’ ती क्षणभर थबकते. मग बाही थोडी वर करून दंडावरचा एक लहानसा डाग दाखविते आणि म्हणते, ‘‘एवढंच आहे.’’ मलमाची चिठ्ठी घेऊन ती घरी परतते. पाठीवरचे आणि कमरेखालचे डाग कोणी पाहिलेलेच नसतात.

या प्रसंगात कोणी उद्धटपणा केलेला नाही. डॉक्टरांना गर्दी उरकायची होती, विद्यार्थ्यांना शिकायचे होते आणि त्या भगिनीला आपली हया जपायची होती. तरीही तपासणी अपुरी राहिली, आणि अपुरी राहिली हे तिच्याखेरीज कोणालाच कळले नाही. असे प्रसंग आपल्या कुटुंबांतून घडत असतात. घरी आल्यावर त्यांची वाच्यता होत नाही इतकेच. म्हणून दोन प्रश्नांचा विचार या लेखात करावयाचा आहे. त्या भगिनीने जे केले, त्याला इस्लामच्या परिभाषेत हया म्हणता येईल काय? आणि विरुद्ध लिंगाच्या शिकाऊ डॉक्टरांपुढे शरीर उघडे करण्याची वेळ आली, तर शरीअतच्या दृष्टीने रुग्णाची आणि त्या शिकणाऱ्यांची वागणूक कशी असावी?

हया म्हणजे मौन नव्हे

हया ही ईमानची एक शाखा आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण ‘सहीह बुखारी’ आणि ‘सहीह मुस्लिम’ या दोन्ही हदीस-संग्रहांत आली आहे. आपल्या घरांतून ती लहानपणापासून सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु हया आणि संकोच या दोन गोष्टी एकच समजल्या गेल्या, की गफलत होते. हया माणसाला वाईटापासून रोखते. संकोच त्याला कधीकधी चांगल्यापासूनही रोखतो.

प्रेषितकाळातील मदीनेच्या स्त्रियांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. आदरणीय आयेशा (रजि.) यांनी अन्सारच्या स्त्रियांची प्रशंसा केली, ती याच कारणासाठी की, धर्माचे ज्ञान मिळविताना त्यांनी लज्जेला आड येऊ दिले नाही. आदरणीय उम्मे सुलैम (रजि.) प्रेषितांकडे आल्या आणि स्त्रीला स्वप्नावस्था झाल्यास गुस्ल (स्नान) आवश्यक ठरते काय, असे त्यांनी स्पष्ट विचारले. विचारण्यापूर्वी त्यांनी एवढेच म्हटले की, अल्लाह सत्याच्या बाबतीत संकोच करीत नाही. प्रेषितांनी (स.) त्यांना गप्प केले नाही, सरळ उत्तर दिले. आज हा प्रश्न आईजवळ विचारावयासही आपल्या मुली कचरतात. उम्मे सुलैम (रजि.) यांची हया आपल्यापेक्षा कमी होती, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तेव्हा हया म्हणजे शब्द न उच्चारणे नव्हे. योग्य ठिकाणी, योग्य व्यक्तीजवळ, योग्य शब्दांत आवश्यक ते सांगणे हे हयेच्या विरुद्ध नाही. ‘‘आणखी डाग आहेत, पण मला ते बाई डॉक्टरांनाच दाखवायचे आहेत,’’ हे वाक्य बोलण्यात हयेचा भंग होत नाही; उलट हया राखण्याचा तो मार्ग आहे. त्या भगिनीकडून निसटले ते एवढेच एक वाक्य.

लपविलेल्या डागाची किंमत

त्वचेचा आजार म्हणजे वरवरची बाब, असा एक समज आहे. त्यामुळे ‘दिसतो तेवढा दाखवू, बाकी मलम लावू’ अशी प्रवृत्ती होते. प्रत्यक्षात त्वचारोगाच्या डॉक्टरांना डागाचे रूप जितके पाहावे लागते, तितकीच त्याची जागा आणि त्याचा पसारा पाहावा लागतो. सोरायसिसचा संशय असेल तर कोपरे, गुडघे, टाळू, नखे आणि कमरेचा मागचा भाग पाहतात. खरजेचा संशय असेल तर बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीचा परिसर आणि गुप्तांगाजवळील त्वचा यांची चौकशी करतात. हे प्रश्न उगाच विचारलेले नसतात.

कुष्ठरोगाचे उदाहरण तर अधिक गंभीर आहे. फिकट किंवा लालसर, संवेदना हरपलेला डाग हे त्याचे प्रमुख लक्षण. आणि असा डाग पाठीवर, मांडीवर वा नितंबावरही उठू शकतो. किती डाग आहेत, हा या रोगाचा प्रकार ठरविण्याचा एक निकष आहे. पाचपर्यंत डाग असतील तर एक प्रकार, त्याहून अधिक असतील तर दुसरा. पहिल्या प्रकारात बहुविध औषधोपचार साधारण 6 महिने चालतो, दुसऱ्यात 12 महिने. आता विचार करा: सात डाग असलेल्या रुग्णाने दोनच दाखविले, तर डॉक्टरांचा निर्णय कशावर उभा राहील? हे औषध शासकीय आरोग्य केंद्रांत मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. मात्र उपचाराला उशीर होऊन मज्जातंतूंना इजा झाली, तर हात-पायांत आलेली विकृती औषधाने परत जाईलच असे नाही.

दुसरे उदाहरण नायट्याचे. जांघेत, कमरेभोवती किंवा स्तनांखाली उठणारा नायटा दाखविण्याची लाज वाटते, म्हणून अनेक स्त्री-पुरुष औषधाच्या दुकानातून स्टेरॉईड मिसळलेले मलम आणतात. खाज दोन दिवसांत थांबते, परंतु बुरशी मरत नाही. ती पसरत राहते, डागाचे रूप बदलते आणि मग निदान करणे डॉक्टरांनाही अवघड जाते. त्वचा पातळ होते ते वेगळेच. घरातील एकाच्या संकोचाचे फळ टॉवेल आणि कपड्यांवाटे इतरांनाही भोगावे लागते.

स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, अशी ताकीद सूरह अल्-बकराच्या 195 व्या आयतीत आली आहे. आयतीचा संदर्भ अल्लाहच्या मार्गात खर्च करण्याचा आहे. तथापि विद्वानांनी तिच्यातून सर्वसाधारण तत्त्वही काढले आहे की, टाळता येण्याजोगी हानी माणसाने ओढवून घेऊ नये. शरीर ही अल्लाहची अमानत आहे. अमानतीची राखण तिला झाकून जशी होते, तशी तिच्यावर वेळीच उपचार करूनही होते.

शरीअतची सवलत आणि तिची चौकट

सूरह अन्-नूरच्या 30 व्या आयतीत नजर खाली ठेवण्याचा आदेश प्रथम ईमानधारक पुरुषांना दिला आहे आणि 31 व्या आयतीत तो स्त्रियांना दिला आहे. परपुरुषापुढे वा परस्त्रीपुढे सतर, म्हणजे शरीराचा झाकण्याचा भाग, उघडा करणे निषिद्ध आहे. हा मूळ नियम. परंतु ज्या अल्लाहने हा नियम दिला, त्यानेच सूरह अल्-हज्जच्या 78 व्या आयतीत स्पष्ट केले आहे की, धर्मात त्याने अडचण ठेवलेली नाही. यावरूनच फिकहशास्त्राने दोन सूत्रे निश्चित केली. निकडीच्या प्रसंगी निषिद्ध गोष्टीची मुभा मिळते, हे पहिले. ती मुभा निकडीच्या मापापुरतीच असते, हे दुसरे. ही दोन्ही सूत्रे नेहमी जोडीने लक्षात ठेवावी लागतात. पहिले विसरणारा उपचार टाळतो. दुसरे विसरणारा मर्यादा ओलांडतो.

प्रेषितांच्या घरातीलच एक प्रसंग ‘सहीह मुस्लिम’मध्ये नोंदलेला आहे. आदरणीय उम्मे सलमा (रजि.) यांनी हिजामा, म्हणजे तुंबडी लावून रक्त काढण्याचा उपचार, करून घेण्याची परवानगी मागितली. प्रेषितांनी (स.) अबू तैबा (रजि.) यांना तो उपचार करण्यास सांगितले. ही हदीस कथन करणाऱ्याने पुढे असेही म्हटले आहे की, आपल्या समजुतीप्रमाणे अबू तैबा हे त्यांचे दूधभाऊ होते किंवा अद्याप वयात न आलेले होते. या लहानशा प्रसंगात पतीसाठी केवढा मोठा धडा आहे! पत्नीने उपचाराची गरज सांगितली, तेव्हा प्रेषितांनी उपचार नाकारला नाही आणि व्यक्तीही विचारपूर्वक योजली. आपल्याकडे याच्या उलट घडते. योग्य व्यक्ती शोधण्याचे श्रम घेण्याऐवजी ‘राहू दे, जाईल आपोआप’ असे सांगितले जाते.

स्त्रियांनी पुरुषांची शुश्रूषा केल्याचे दाखलेही प्रेषितकाळात आहेत. आदरणीय रुबय्यिअ बिन्ते मुअव्विज (रजि.) यांनी स्वतः सांगितले आहे की, त्या आणि इतर स्त्रिया प्रेषितांसोबत मोहिमांवर जात, सैनिकांना पाणी पाजत आणि जखमींवर उपचार करीत. खंदकच्या युद्धात जखमी झालेले आदरणीय सअद बिन मुआज (रजि.) यांना रुफैदा (रजि.) नावाच्या स्त्रीच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले होते, त्या जखमींवर उपचार करीत असत.

पुढे फकीहांनी या उदाहरणांच्या आधारे क्रम लावून दिला. हनफी मतप्रणालीतील ‘अल्-हिदाया’ या ग्रंथात इमाम मरगीनानी (निधन हिजरी 593) यांनी वैद्याला आजाराची जागा पाहण्याची मुभा दिली आहे. त्याचबरोबर स्त्रीवर उपचार करण्यासाठी एखाद्या स्त्रीलाच ते शिकवावे, कारण समलिंगी व्यक्तीने पाहणे त्यातल्या त्यात सौम्य आहे, असेही त्यांनी नमूद केले आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बांधव ज्या शाफई मतप्रणालीचे अनुसरण करतात, तिच्या ग्रंथकारांनीही उपचारासाठी पाहण्याची व स्पर्शाची मुभा दिली आहे. स्त्री-वैद्य उपलब्ध नसावी आणि मह्रम, पती किंवा विश्वासू स्त्री हजर असावी, या अटी त्यांनी घातल्या आहेत. आपल्या काळात, 1993 साली ब्रुनेई येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनानेही असाच निर्णय दिला. स्त्री-रुग्णासाठी प्रथम मुस्लिम स्त्री-डॉक्टर, ती नसल्यास विश्वासार्ह बिगरमुस्लिम स्त्री-डॉक्टर, तीही नसल्यास मुस्लिम पुरुष-डॉक्टर आणि शेवटी बिगरमुस्लिम पुरुष-डॉक्टर, असा हा क्रम आहे. पुरुष डॉक्टर असल्यास तपासणी आवश्यकतेपुरतीच व्हावी आणि एकांत होऊ नये, हेही त्यात सांगितले आहे.

विद्यार्थ्याची नजर कोणाच्या गरजेची?

येथवर प्रश्न उपचार करणाऱ्याचा होता. विद्यार्थ्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे, आणि हा फरक नीट समजून घेतला तर पुष्कळसा गोंधळ दूर होईल.

डॉक्टर डाग पाहतात ते रुग्णाच्या गरजेसाठी. त्यांनी पाहिलेच नाही तर रुग्णाचे नुकसान होते. विद्यार्थी तोच डाग पाहतो तो रुग्णाच्या गरजेसाठी नव्हे. त्याने पाहिले नाही म्हणून या रुग्णाचे काही बिघडत नाही. मग त्याच्या पाहण्याला काहीच आधार नाही काय? आहे, पण तो समाजाच्या गरजेचा आहे. इमाम गजाली (निधन हिजरी 505) यांनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’मध्ये वैद्यकविद्येला फर्जे किफाया म्हटले आहे, म्हणजे समाजातील काहींनी तरी पार पाडलेच पाहिजे असे कर्तव्य, कोणीच पार पाडले नाही तर सर्व दोषी. आणि त्वचारोगाचे ज्ञान केवळ पुस्तकातील चित्रे पाहून येत नाही. सावळ्या त्वचेवरचा कुष्ठरोगाचा फिकट डाग आणि साधा पांढरा चट्टा यांतला फरक डोळ्याला सरावाने कळतो, बोटाला स्पर्शाने कळतो.

म्हणून दोन्ही गरजा खऱ्या आहेत. मात्र त्या समान दर्जाच्या नाहीत. पर्याय नसेल तर उपचारासाठीची तपासणी संकोच वाटला तरी करून घ्यावी. शिकणाऱ्याला पाहू देणे हे मात्र रुग्णाने केलेले सहकार्य आहे, एक प्रकारचा सदका आहे. सदका मागता येतो, घेता येत नाही. स्त्री-रुग्णाने विद्यार्थिनींना थांबू द्यावे आणि विद्यार्थ्यांना बाहेर जाण्यास सांगावे, किंवा पुरुष-रुग्णाने याच्या उलट करावे, तर त्यात शिक्षणाचेही फारसे अडत नाही आणि मर्यादाही राखली जाते. हाच तो ‘समलिंगी व्यक्तीने पाहणे सौम्य’ या तत्त्वाचा आजचा अर्थ. सतराच्या मर्यादा समलिंगी व्यक्तींमध्येही असतात, हे मात्र विसरू नये. विद्यार्थिनींपुढेही आवश्यक तेवढाच भाग उघडा करावा.

येथे एक व्यावहारिक खुलासा आवश्यक आहे. पांढरा कोट घातलेला प्रत्येक तरुण विद्यार्थी नसतो. एमबीबीएसचे विद्यार्थी केवळ शिकण्यासाठी आलेले असतात. आंतरवासिता करणारे अभ्यासक्रम संपवून देखरेखीखाली काम करीत असतात. निवासी डॉक्टर हे मात्र पदवी घेतलेले डॉक्टर असून त्या विषयाचे पुढील शिक्षण घेत असतात. सरकारी रुग्णालयांत बहुतेक वेळा प्रत्यक्ष उपचार तेच करतात. म्हणून ‘‘आपण डॉक्टर आहात की विद्यार्थी?’’ असे विनयाने विचारून घ्यावे. निवासी डॉक्टर पुरुष असतील तर त्यांच्याऐवजी महिला निवासी डॉक्टर उपलब्ध आहेत काय, अशी विनंती करता येते. पण त्यांना ‘शिकाऊ’ समजून तपासणीच नाकारणे हे स्वतःचे नुकसान करणे होय.

पडदा हेही एक दार आहे

कोणाच्याही घरात परवानगी घेतल्यावाचून आणि सलाम केल्यावाचून प्रवेश करू नये, हा आदेश सूरह अन्-नूरच्या 27 व्या आयतीत आहे. त्याच्या पुढचीच, 28 वी आयत सांगते की, परत जा असे म्हटले गेले तर परत जावे; तेच अधिक पवित्र आहे. तीन वेळा परवानगी मागून मिळाली नाही तर परतावे, हा शिष्टाचार हदीसमध्ये आला आहे. शिवाय ‘सहीह बुखारी’तील एका हदीसनुसार, दाराच्या फटीतून आत डोकावणाऱ्या माणसाला प्रेषितांनी समज दिली की, परवानगी मागण्याचा नियम नजरेसाठीच तर घालून दिला आहे.

घराच्या भिंतीआडच्या माणसावर नजर पडू नये म्हणून इतकी काळजी घेणारा धर्म, कपड्याआडच्या शरीराबाबत कमी काळजी घेईल काय? तपासणीच्या खोलीतला हिरवा पडदा हेही एक दारच आहे. रुग्ण डॉक्टरांकडे आला म्हणून त्या दारातून सर्वांनाच प्रवेश मिळाला, असे होत नाही. डॉक्टरांना दिलेली परवानगी डॉक्टरांची. विद्यार्थ्याने स्वतःची परवानगी वेगळी मागावयाची. आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर राग न मानता, तोंड वाकडे न करता बाहेर जावयाचे. नकार ऐकून परतण्यात कमीपणा नाही. कुरआनने त्यालाच पवित्र म्हटले आहे.

ही परवानगी कोणी द्यायची, हाही प्रश्न आहे. अनेकदा डॉक्टर पतीला किंवा वडिलांना विचारतात आणि तेच परस्पर होकार अगर नकार देऊन टाकतात. शरीर ज्याचे, लाज त्याची. म्हणून सज्ञान रुग्णालाच विचारले गेले पाहिजे. वयात येणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते खरी, परंतु त्यांच्या मनाचाही विचार घ्यावा. सूरह अन्-नूरच्या 58 व्या आयतीत घरातल्याच मुलांना दिवसातील तीन वेळी परवानगी घेऊन आत येण्याचे वळण लावण्यास सांगितले आहे. ज्या मुलाला आपण इतरांचा खाजगीपणा जपण्यास शिकवितो, त्याच्याही खाजगीपणाचा आदर आपण केला पाहिजे.

देशाचा कायदाही पाठीशी आहे

‘सरकारी दवाखाना आहे, फुकट उपचार आहेत, आपण कसे बोलणार?’ हा विचार मनातून काढून टाकावा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत रुग्णाच्या संमतीचा, प्रतिष्ठेचा आणि खाजगीपणाचा हक्क मान्य केला आहे. पुरुष डॉक्टर स्त्री-रुग्णाची शारीरिक तपासणी करीत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्कही त्या सनदेत आहे. महाराष्ट्रात 2021 साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावी लागते. डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार, ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र त्याच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही. त्वचारोग विभागात मोबाइलवर डागांची छायाचित्रे घेण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. कशासाठी घेता, चेहरा येणार काय, कोण पाहणार, असे विचारावे. समाधान न झाल्यास नकार द्यावा.

ही मागणी केवळ मुस्लिमांची आहे असेही नाही. लाज ही सर्वच समाजांतील स्त्री-पुरुषांना असते. 2016 पासून देशात घरोघरी राबविण्यात आलेल्या कुष्ठरुग्ण शोध मोहिमेत पथकात एक स्त्री आणि एक पुरुष असे दोघे ठेवण्यात आले, ते याचसाठी. स्त्रियांची त्वचा आशा कार्यकर्तीने पाहावयाची आणि पुरुषांची पुरुष स्वयंसेवकाने. मर्यादा सांभाळली तरच माणसे डाग दाखवितात, हे सरकारी मोहिमेनेही ओळखले. असे पथक दारी आले तर ‘आमच्याकडे कोणाला काही नाही’ असे सांगून त्याला वाटेला लावू नये.

बांधवांसाठी दोन शब्द

हयेची चर्चा निघाली की ती स्त्रियांपाशीच थांबते. पण नजरेचा पहिला आदेश पुरुषांना आहे आणि बेंबीपासून गुडघ्यापर्यंतचे सतर पुरुषालाही आहे. जांघेतील नायट्याने महिनोन्‌महिने त्रासलेला तरुण समोर महिला डॉक्टर किंवा विद्यार्थिनी पाहून परत फिरतो आणि मित्रांत ते हसण्यावारी नेतो. ‘पुरुषाला कसली लाज’ असे म्हणणाऱ्यांनी आदरणीय उस्मान (रजि.) यांची आठवण ठेवावी. त्यांच्या हयेचा मान प्रेषितांनी (स.) स्वतः राखला. पुरुष डॉक्टरांनी तपासावे अशी विनंती करण्याचा अधिकार पुरुष रुग्णालाही तितकाच आहे. ती विनंती शांतपणे करावी. महिला डॉक्टरांच्या योग्यतेबद्दल वावगा शब्द काढू नये.

वेळ येण्यापूर्वीची तयारी

दवाखान्यात जाण्यापूर्वी घरातच काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. सोबत विश्वासातील एक व्यक्ती न्यावी. स्त्रीबरोबर शक्यतो आई, बहीण, सासू किंवा पती असावा. सहज वर-खाली करता येतील असे सैल कपडे आणि मोठी ओढणी असावी. शरीरावर कोठे कोठे डाग आहेत, केव्हापासून आहेत, कोणते मलम लावले, हे कागदावर लिहून न्यावे. जे तोंडाने बोलवत नाही ते कागद सांगतो. नोंदणीच्या खिडकीवरच महिला डॉक्टरांची विनंती करावी, कारण पडद्याआड गेल्यावर बोलणे अधिक अवघड होते. आणि एकेक भाग उघडून, पाहून झाल्यावर झाकून मग पुढचा भाग पाहावा, असे डॉक्टरांना सुचवावे. अशा रीतीने संपूर्ण त्वचा तपासता येते आणि शरीर एकाच वेळी उघडे पडत नाही.

वाक्येही मनाशी जुळवून ठेवावीत. ‘‘डॉक्टरसाहेब, आणखी डाग आहेत. विद्यार्थी थोडा वेळ बाहेर गेले तर दाखविते.’’ ‘‘मुलींनी थांबायला हरकत नाही.’’ ‘‘महिला डॉक्टर केव्हा असतात? मी त्या दिवशी येईन.’’ या वाक्यांत कोणाचा अनादर नाही. मात्र आजार तातडीचा असेल आणि महिला डॉक्टर लवकर मिळणार नसतील, तर पहिले सूत्र आठवावे आणि उपचाराला उशीर करू नये. एखाद्या विशिष्ट परिस्थितीत शंका राहिलीच, तर जाणत्या आलिमांना विचारून मनाचे समाधान करून घ्यावे.

शिकणाऱ्या मुलामुलींनो

आपल्या समाजातील मुले-मुली आज वैद्यकीय महाविद्यालयांत शिकत आहेत, ही आनंदाची बाब आहे. त्यांना एवढेच सांगणे की, आपण पडद्याच्या दोन्ही बाजू जाणता. आपले नाव सांगा, आपण विद्यार्थी आहोत हे लपवू नका, आणि रुग्णाला ‘नाही’ म्हणण्याची खरी सवड द्या. प्राध्यापक समोर असताना विचारलेल्या प्रश्नाला रुग्ण भीतीनेही होकार देतो. बुरखा पाहून नकार गृहीत धरू नका आणि बुरखा नाही म्हणून होकारही गृहीत धरू नका. नजर आजारापुरती ठेवा, हात लावण्यापूर्वी सांगा, काम होताच झाका. पाहिलेल्या गोष्टीची मित्रांत चर्चा करणे हा अमानतीतील विश्वासघात आहे. रुग्ण कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या लाजेचा मान सारखाच.

आणि पालकांनीही एका गोष्टीचा विचार करावा. आपल्या पत्नीला, मुलीला महिला डॉक्टरच हवी असे आपण आग्रहाने म्हणतो. ती महिला डॉक्टर कोणाच्या घरातून येणार? ‘अल्-हिदाया’च्या लेखकांनी स्त्रीला उपचार शिकवावा असे आठ शतकांपूर्वी लिहून ठेवले. हुशार मुलीला बारावीनंतर घरी बसवायचे आणि दवाखान्यात महिला डॉक्टर नाही म्हणून तक्रार करायची, हे कसे जुळावे? त्याचप्रमाणे प्रत्येक रुग्ण-भगिनीने विद्यार्थिनींनाही नकारच दिला, तर उद्याची महिला त्वचारोगतज्ज्ञ शिकणार कोणाकडून? नकाराचा हक्क आहेच. पण शक्य असेल तेथे समलिंगी विद्यार्थ्याला होकार देणे हे पुढच्या पिढीतील लेकीबाळींची सोय करून ठेवणे आहे. त्याचे पुण्य अल्लाहकडे वाया जाणार नाही.

लेखाच्या आरंभीची भगिनी पुन्हा आठवा. ती पुढच्या आठवड्यात परत त्याच रांगेत उभी राहू शकते. या वेळी नोंदणीच्या खिडकीवर ती दोन शब्द बोलेल, सोबत बहिणीला नेईल आणि पडद्याआड गेल्यावर म्हणेल, ‘‘मागच्या खेपेला मी सगळं दाखवलं नव्हतं.’’ असे म्हणताना तिचा आवाज कदाचित कापेल. पण ते म्हणणे हीच हया, आणि अल्लाहने दिलेल्या अमानतीची राखणही तीच.

अल्लाह आपणां सर्वांना हयेचे सौंदर्य आणि आरोग्याची देणगी दोन्ही लाभू देवो, रुग्णांना शिफा आणि शिकणाऱ्यांना आदब देवो. आमीन.

घरात चर्चेसाठी

1. हया आणि संकोच यांत काय फरक आहे? उम्मे सुलैम (रजि.) यांच्या प्रसंगावरून सांगा.
2. ‘निकडीच्या मापापुरतीच मुभा’ हे सूत्र त्वचेच्या तपासणीत कसे पाळता येईल?
3. उपचारासाठी पाहणे आणि शिकण्यासाठी पाहणे यांतील भेद आपल्या शब्दांत मांडा.
4. आपल्या घरातील कोणी एखादा आजार लाजेने लपवीत तर नाही ना? त्याच्याशी बोलण्याची सुरुवात कोण करील?